टाकीचा चढ आणि लाल तेल

५ फेब्रुवारी, गुरुवार

गाडी सुरू झाली! किक मारून मारून उजवा पाय माझा उरला नव्हता. आता पुरे, भंगारवाल्याला बोलवावं असं मनात आलं, आणि तेवढ्यात फटफट करून पेटली. काळा धूर जिन्यातून वर गेला. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी खिडक्या धाडधाड लावून घेतल्या, मला त्या टाळ्याच वाटल्या. खऱ्या टाळ्या हिने गॅलरीतून वाजवल्या. शेजारी सासरे उभे होते, काठी बगलेत धरून. मान कलती करून नुसता आवाज ऐकत राहिले.

गाडी त्यांचीच. टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीवर ते पंपाचे प्रमुख होते. उभी नोकरी त्यांनी याच मोटारसायकलवरून तो चढ चढून केली. सासूबाई गेल्यावर एकटे राहत होते, गेल्या वर्षी पडले, खुब्याचं हाड मोडलं. तेव्हा आम्ही त्यांना इथे आणलं आणि मागोमाग टेम्पोत घालून गाडी. तेव्हापासून ती जिन्याखाली ताडपत्रीत आणि ते गॅलरीत खुर्चीत.

आता हिचा धाकटा भाऊ म्हणतोय, बाबांना माझ्याकडे पाठवा. त्याचं शहर लांब, घर मोठं, लिफ्ट आहे, खोली रंगवून तयार आहे. त्याचंही चुकत नाही. "ताईने वर्षभर केलं, आता आमची पाळी," म्हणतो. बाबा त्याला फोनवर म्हणाले, "येतो की. फक्त एकदा माझ्या गाडीवरून टाकीवर जाऊन येऊ दे. मग नेशील तिथे येतो."

म्हणजे गाडी चढ चढली की बाबा निघाले. लेकीच्या घरी राहणं त्यांना जड जात असणार, त्यातून माझ्यासारखा बडबड्या जावई. म्हणून मी ठरवलंय, गाडी मीच नीट करणार. चष्म्याचं दुकान चालवतो म्हणून काय झालं, हात बारीक कामाला बसलेला आहे. आज अर्धी लढाई जिंकली. हुश्श.

८ फेब्रुवारी, रविवार

तोंडघशी पडलो. सकाळी एकटाच गाडी घेऊन टेकडीवर निघालो. सपाटीवर लोण्यासारखी चालली. चढाला लागलो आणि पहिल्या वळणावर इंजिन बोंबलायला लागलं, गाडी मात्र जागची हलेना. ॲक्सिलरेटरला पीळ द्यावा तितका आवाज वाढतो, वेग वाढत नाही. एक आजोबा काठी टेकत मला मागे टाकून पुढे गेले. जाताना "काय, दमली का?" असंही विचारलं.

क्लच स्लिप होतोय, एवढं मलाही कळलं. क्लचच्या चकत्या एकमेकींना घट्ट धरून बसायला हव्यात, त्या घसरताहेत. पण का? मी काही हयगय केलेली नाही. या गाडीत इंजिनाचं तेल वेगळं आणि क्लचच्या झाकणाखालचं तेल वेगळं. क्लचमध्ये तर मी माझ्या कारचं सगळ्यात भारी तेल घातलं होतं, नव्या डब्यातलं. म्हाताऱ्या गाडीला चांगलंचुंगलं द्यावं म्हणून.

ढकलत आणली. बाबांनी गॅलरीतून पाहिलं. ही म्हणाली, "बाबांना चहा देते, तुम्हालाही देऊ का पाणीच पुरे?"

९ फेब्रुवारी, सोमवार

दुकान बंद, म्हणून दिवस गाडीचा. आधी क्लचच्या वायरला ढील दिली, वायर ताणलेली असली तरी क्लच सरकतो म्हणतात. फरक शून्य. मग गेलो तेलवाल्याकडे. पूर्वी हा मेकॅनिक होता, आता पाठ धरते म्हणून नुसती तेलं विकतो. मी काय घातलं ते सांगितल्यावर त्याने डोक्याला हात लावला.

"साहेब, कारचं तेल? अहो, नव्या कारच्या तेलात गुळगुळीत करणारी औषधं असतात. इंजिनाला अमृत. पण तुमच्या गाडीचा क्लच तेलात बुडालेला असतो. त्या चकत्यांना ते लागलं की साबण लावल्यासारखं होतं. धरणार कशा?"

"मग भारीतलं कुठलं घालू?"

"भारीतलं नको, बरोबर घाला." त्याने एक डबी काढली, आत लाल तेल. "हे मोटारसायकलच्या ओल्या क्लचसाठीच बनवलेलं आहे. आधीचं सगळं काढा, चकत्या पेट्रोलने धुवा, मग हे. झाकणावर लेव्हलचा स्क्रू आहे, त्याच्या भोकापर्यंतच. थेंब जास्त नको."

संध्याकाळी चहावर मी हे सगळं बाबांना समजावून सांगितलं. एरवी मी बोलायला लागलो की ते खिडकीबाहेर बघतात. आज मात्र खुर्ची पुढे ओढून बसले.

"म्हणजे कारच्या तेलाने सरकतो म्हणता, जावईबापू?"

"शंभर टक्के!"

"आणि समजा, चुकून थोडंसंच पडलं तर?"

"थोडंसं पुरे आहे, बाबा. कपभर गेलं तरी चढावर तमाशा."

"अस्सं," म्हणाले, आणि बशीतला चहा शेवटपर्यंत प्यायले. मला फार बरं वाटलं. वर्षभरात पहिल्यांदाच माझं बोलणं कोणीतरी मन लावून ऐकलं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

जीव भांड्यात पडला!

काल क्लचचं झाकण उघडलं. जुन्या परातीत सगळं तेल उतरवलं, चकत्या एकेक करून पेट्रोलने धुतल्या, सुकवल्या, बसवल्या. लाल तेल लेव्हलपर्यंत भरलं, थेंब जास्त नाही. आज सकाळी दुकान उघडायच्या आधी एकटा चढ चढलो. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं, आणि मी थेट टाकीच्या फाटकाशी! तिथला पहारेकरी बघत राहिला, कारण मी हेल्मेटमध्ये एकटाच हसत होतो.

घरी येऊन ओरडतच जिना चढलो, "बाबा, झाली! शनिवारी सकाळी आपण जायचं!"

"वा," म्हणाले. "हाताला गुण आहे तुमच्या." आणि काठी घेऊन खोलीत गेले. जेवताना दोन घास खाऊन उठले. आनंदाने भूक मरते कधी कधी. ही म्हणाली, "बाबांचा चेहरा उतरलाय." मी म्हटलं, तुला सगळीकडे चेहरेच उतरलेले दिसतात.

मेहुण्याला फोन केला. तो लगेच म्हणाला, "ग्रेट, भाऊजी! मग मी रविवारी येतोच न्यायला."

इतकी घाई? पण ठीक आहे, ठरलं होतंच. खोली रिकामी झाली की हिला शिवणाचं मशीन तिथे मांडता येईल. मी तसं म्हटलं तर हिने ताटं उचलली.

१४ फेब्रुवारी, शनिवार

लिहावंसं वाटत नाही.

डॉक्टरांनी मागे बसायला परवानगी दिली होती, फक्त उड्या मारू नका म्हणाले. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, माझ्या खांद्यावर हात ठेवून बसले. ही खाली उभी राहून सतरा सूचना देत होती. सपाटीवर सुरेख. चढाला लागलो आणि त्याच वळणावर, त्याच झाडाखाली, इंजिन बोंबलायला लागलं. जागच्या जागी! परवा इथूनच मी वाऱ्यासारखा गेलो होतो!

मी घामाघूम झालो. नाक कापल्यासारखं झालं. बाबा मात्र अजिबात नाराज नाहीत. हळूच उतरले, पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "असू दे हो. जुनं यंत्र आहे, त्याला वेळ लागतो. घाई कसली?" किती मोठं मन! स्वतःची निराशा गिळून मला धीर देत होते. दुपारी जेवलेही चांगले, वर गोड मागून घेतलं. माझं मन राखायला, दुसरं काय.

मेहुण्याला येऊ नको म्हणून कळवलं. त्याने तिकीट पुढे ढकललं. फोन ठेवताना मलाच हायसं का वाटलं कोण जाणे. बहुधा गाडीसाठी अजून वेळ मिळाला म्हणून.

१६ फेब्रुवारी, सोमवार

आज एक चमत्कार पाहिला. लेव्हलचा स्क्रू काढला तर आतून तेलाची धार! मी भोकापर्यंत मोजून भरलं होतं. तेल कमी झालेलं समजू शकतो, वाढलेलं कसं समजायचं? आणि रंग. घातलं होतं लाल, उतरलं ते फिक्या चहासारखं.

तेलवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "कधीकधी आतलं रबराचं सील जातं आणि इंजिनाचं तेल क्लचमध्ये झिरपतं. मग इंजिनाचं तेल कमी झालेलं असणार. झालंय?"

घरी येऊन बघितलं. तसूभरही कमी नाही. परत जाऊन सांगितलं.

"मग आकाशातून आलं का?" त्याने डोकं खाजवलं. "साहेब, घरात कोण कोण असतं?"

"मी, बायको आणि सासरे. का?"

"काही नाही, सहज विचारलं."

काय संबंध! सील कधी गळतं, कधी गळत नाही, एवढं साधं आहे. नवीन सील मागवलं.

घरी वेगळंच महाभारत. हिला स्वयंपाकघरातलं नरसाळं सापडत नव्हतं. ते मिळालं बाल्कनीतल्या बादलीमागे, तेलाने बरबटलेलं.

"हे तुम्हीच!"

"मी कशाला घेऊ? माझ्याकडे गाडीचं वेगळं नरसाळं आहे, तुझ्यासमोर विकत घेतलं."

"मग हे काय आपलं आपण चालत गेलं?"

मी म्हटलं, माझ्यावर उगाच आळ घेऊ नकोस. ती पुढे काही बोलणार होती, पण नरसाळं हातात धरून तशीच थांबली. वास घेतला. मग बाबांच्या खोलीच्या दाराकडे बघितलं आणि म्हणाली, "जाऊ दे. मीच कुठेतरी ठेवलं असेल." ही इतक्या लवकर कधी माघार घेत नाही. लॅबमध्ये दिवसभर दुसऱ्यांच्या रक्ताच्या नळ्या हाताळून थकली असेल.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

सील बसवलं. दोन संध्याकाळी लागल्या. बाबा खाली स्टूल टाकून बसले होते. त्यांनी टाकीवरच्या गोष्टी सांगितल्या. एकदा पंप बंद पडला तेव्हा दुरुस्ती होईपर्यंत ते घरी आलेच नाहीत, आणि सासूबाई डबा घेऊन चढ चालत गेल्या. "वर पोचली आणि म्हणाली, पंपाशीच लग्न करायचं होतंत." सांगताना ते इतके हसले की ठसका लागला.

मी बोलत नव्हतो, ऐकत होतो. पाना हातात तसाच राहिला. मला माझे वडील असे कधी गप्पा मारायला मिळाले नाहीत, ते मी शाळेत असतानाच गेले. लिहून ठेवलं एवढंच.

२२ फेब्रुवारी, रविवार

सकाळी एकटा चढलो. टाकीपर्यंत, विनातक्रार. सीलच होतं! तेलवाल्याला फोन करून सांगितलं. तो "बरं" म्हणाला, पण त्या "बरं"मध्ये दम नव्हता.

बाबांना सांगितलं, उद्या सकाळी जाऊ. "उद्या?" म्हणाले. "उद्या सोमवार, तुमच्या सुट्टीचा दिवस, आराम करा. परवा जाऊ." म्हटलं, परवा तर परवा.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

परत सरकला. त्याच वळणावर. काठी टेकत चढणारे ते आजोबाही तेच.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

मी हातपाय गाळलेत. तेल फिकं, लेव्हल जास्त, इंजिनाचं तेल जिथल्या तिथे. तेलाची जात चुकली का? पण एकटा जातो तेव्हा तेच तेल चढवतं! दोघांच्या वजनाने होत असेल म्हणावं तर बाबांचं वजन ते काय, आणि पूर्वी ते सासूबाईंना मागे बसवून न्यायचे. दुकानात एका बाईंना वाचायच्या ऐवजी लांबचा नंबर काढून दिला. त्यांनी चष्मा लावला आणि म्हणाल्या, "समोरच्या दुकानातला माणूस स्पष्ट दिसतोय, पण तुमचं बिल दिसत नाही." लोकांना दिसायला लावणं हा माझा धंदा आणि मला हे एवढंसं कोडं दिसत नाही.

हिने धुवायला टाकलेल्या बाबांच्या शर्टाच्या बाहीवर तेलाचा डाग होता. म्हटलं, बघ, बिचारे दुपारी एकटेच खाली जाऊन गाडीला हात लावून येतात. जीव आहे हो त्यांचा गाडीवर. हिने माझ्याकडे असं पाहिलं की मी काहीतरी फार मोठं बोललो की फार मूर्खासारखं, हे कळेना.

"अहो," म्हणाली, "बाबांना जायचंय का, असं कोणी त्यांना विचारलंय?"

"म्हणजे काय, त्यांनीच सांगितलं ना, गाडी झाली की येतो."

"हो," ती म्हणाली, "तेच म्हणते मी." आणि दिवा लावायला उठून गेली. ही कधीकधी ताकास तूर लागू देत नाही.

१ मार्च, रविवार

आज मी जे बोललो ते बोलायला नको होतं. किंवा हवं होतं. ठरत नाहीये.

मेहुण्याचा फोन आला. मी गॅलरीत होतो. तो म्हणाला, "भाऊजी, ती गाडी काही तुमच्याने होत नाही. राहू दे. मी पुढच्या रविवारी कार घेऊन येतो, बाबांना कारमधूनच टाकी दाखवतो आणि घेऊन जातो. ताईचीही सुटका."

"तुमच्याने होत नाही" हे आधी झोंबलं. मग "सुटका" जास्त झोंबलं. आणि माझा आवाज कधी चढला ते मला कळलंच नाही.

"सुटका कसली? इथे कोणी अडकलंय का? तुझी ताई अडकलेली नाही आणि मीही नाही. ती खोली बाबांची आहे. गाडी झाली तरी त्यांची आणि नाही झाली तरी त्यांची. त्यांना तुझ्याकडे यायचं असेल तेव्हा येतील, महिनाभर ठेव, लाड कर, आणि परत आणून सोड. पाळी काय लावतोस, ते काय नळाचं पाणी आहेत?"

मग तो म्हणाला, "मी त्या अर्थाने नव्हतो म्हणत, भाऊजी." ते मलाही माहीत होतं. मुलगा चांगला आहे. मी सॉरी म्हटलं, तोही म्हणाला, आणि फोन ठेवला.

वळलो तर दारात बाबा, हातात चहाचा कप. कधीपासून उभे होते देव जाणे. मी चाचरत म्हटलं, "बाबा, तुम्हाला न विचारताच मी काहीतरी बोलून बसलो."

"चहा गार होतोय," म्हणाले, आणि कप माझ्या हातात दिला. तो त्यांनी माझ्यासाठी आणला होता.

घरात कोणालाही न विचारता मी खोली देऊन टाकली. हिला सांगितलं तर ओरडेल असं वाटलं होतं. ती हसली, पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "शिवणाचं मशीन जिथे आहे तिथे बरं आहे."

मोकळं वाटतंय. फार मोकळं. गाडी झाली नाही तरी चालेल असं पहिल्यांदा वाटतंय.

२ मार्च, सोमवार

सकाळी मी परात काढायच्या आधीच बाबा खाली येऊन बसले होते. म्हणाले, "चला जावईबापू, करून टाकू."

आज त्यांनी मला बसवून शिकवलं. चकत्यांवरची चकाकी काढायला पॉलिश कागद कसा हलका फिरवायचा, स्प्रिंगांचे स्क्रू सगळे सारखे कसे आवळायचे. मी विचारलं, "तेल कुठलं घालू? दुसरं काहीतरी आणू का? जाडसर?"

"तेच लाल घाला. पहिल्या दिवसापासून तेच बरोबर होतं."

"अहो, पण ते दोनदा फसलं."

"तेल नाही फसलं," म्हणाले, आणि बूच स्वतःच्या हाताने बसवून घट्ट केलं.

बुधवारी सकाळी जायचं ठरलं. दिवस त्यांनीच ठरवला.

४ मार्च, बुधवार

कुठून सुरुवात करू!

चढाला लागलो. ते झाड आलं. ते वळण आलं. काठीवाले आजोबाही होतेच, नेहमीसारखे माझी मजा बघायला थांबले. मी पीळ दिला आणि गाडीने जमीन धरून जी ओढ घेतली! आजोबांनी काठी वर करून सलामी दिली. मागून बाबा ओरडले, "दुसऱ्यात टाका, दुसऱ्यात! आता सोडू नका!" हा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. पंपावरच्या माणसांना हाका मारायचे तो असणार.

वर पोचलो. पहारेकऱ्याने फाटक उघडलं. बाबा पंपघराच्या भिंतीपाशी गेले, तिच्यावर तळवा ठेवून थोडा वेळ उभे राहिले. आतला पंप चालू होता, भिंत हलकीशी थरथरत असते, मीही हात लावून बघितलं. खाली सगळी घरं दिसत होती. ते म्हणाले, "इथून तुमची गॅलरी दिसते." मग दुरुस्त केलं, "आपली."

बाकावर बसलो. उठताना ते म्हणाले, "जावईबापू, तुमच्या कारच्या तेलाचा तो डबा. त्यातलं तेल जरा कमी झालं असेल. नवीन आणून ठेवा."

मी "हो" म्हटलं. मनात म्हटलं, कारच्या तेलाच्या डब्याचं यांना कसं कळलं, मी तर तो जिन्याखालच्या कपाटात ठेवतो. गाडीला किक मारली. उतरायला लागलो. आणि उतारावर, त्याच झाडापाशी, माझ्या डोक्यात एकदम सगळं उतरलं. फिका रंग. वाढलेली लेव्हल. नरसाळं. बाही. "आणि समजा, चुकून थोडंसंच पडलं तर?"

ब्रेक दाबणार होतो. पण त्यांचे दोन्ही हात माझ्या खांद्यांवर होते, अगदी निवांत, हलके. मी गाडी हळू केली आणि सरळ घरी आणली. हेल्मेटची काच खाली होती ते बरं झालं, कारण मला नीट दिसत नव्हतं.

माणसाला इथे राहायचंय. एवढंच सांगायला त्याला भर दुपारी काठी टेकत जिना उतरून क्लचमध्ये कारचं तेल ओतावं लागलं. आणि मी रोज संध्याकाळी त्याच्याच समोर बसून त्याला पाठवायची तयारी करत होतो, वर त्याची शाबासकी घेत होतो.

हिला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"नरसाळं सापडलं त्या दिवशीच."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तुम्ही दोघं रोज खाली बसून खिदळत होतात. मला वाटलं, सरकतोय तर सरकू दे क्लच." मग पुढे, "दिवसभर लोकांचे नंबर काढता, स्वतःचा एकदा काढून घ्या."

८ मार्च, रविवार

मेहुण्याचा फोन. आज तो बाबांनीच उचलला, स्पीकरवर टाकला, आम्हाला समोर बसवलं.

"बाबा, गाडी झाली का?"

"झाली रे. छान झाली."

"मग कधी येताय?"

"आता कसा येऊ? गाडी झालीय ना. बुधवारी टाकीवर जायचं असतं आम्हाला. तूच ये सुट्टीला, तुलाही नेतो." मग म्हणाले, "माझं इथे बरं चाललंय, बाळा. तुझी खोली मला आवडली, खरंच. पण मला इथे राहायचंय. हे आधीच बोलायला हवं होतं. जमलं नाही."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "बाबा, मग सरळ सांगायचं ना. खोलीला रंग तरी माझ्या आवडीचा दिला असता." सगळेच हसलो. तो पुढच्या महिन्यात येतोय, न्यायला नाही, राहायला.

दुपारी जिन्याखालचं कपाट आवरलं. हिने बरबटलेलं नरसाळं घासूनपुसून तिथेच खिळ्याला अडकवलंय, स्वतःसाठी नवीन आणलंय. कारच्या तेलाचा डबा उचलून बघितला, निम्म्याहून कमी. आधी तो वर माळ्यावर टाकणार होतो, कुलूपबंद. मग मनात आलं, पुढेमागे काही सांगायचं असलं आणि शब्द जमले नाहीत तर माणसाने करायचं काय?

डबा खालच्याच फळीवर ठेवला, त्यांच्या हाताला सहज येईल असा.